नारळ उभा राहिला म्हणजे पाणी लागतं का?

तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहिला की पाणाड्या म्हणतो, "इथंच बोअर घ्या." शेतकरी कर्ज काढून मशीन बोलावतो. ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, पण खरी नाही.

पाणाड्यांच्या अशा दाव्यांची परीक्षा जर्मनीत सरकारी पैशातून झाली आहे. १९८७-८८ मध्ये म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी सुमारे ५०० पाणाड्यांतून ४३ निवडले. कोठाराच्या तळमजल्यावर पाण्याचा पाइप सरकवायचा आणि यांनी वरच्या मजल्यावरून जागा ओळखायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. त्या संशोधकांना काही जणांत खरोखर शक्ती दिसली. पण जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तेच आकडे पुन्हा तपासले, तेव्हा अंदाजपंचे उत्तरांपेक्षा वेगळं काही निघालं नाही.

मग गावात पाणी लागतं कसं? आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुरमात नि भेगांत साठतं, बऱ्याच ठिकाणी थोडंफार असतंच. लागलेल्या बोअरची चर्चा पारावर होते, कोरडी गेलेली घरातच राहते. नारळ उठतो तो बोटं किंचित कलल्यामुळे. ते पाणाड्यालाही जाणवत नाही, म्हणून त्याला लबाड म्हणू नका. पण पैसे घालण्याआधी शेजारच्या विहिरी मे महिन्यात कुठवर खाली जातात ते बघा, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा.