जुन्या ठिबकच्या नळीत राहणारे जिवाणू

तासगावच्या बाजूला द्राक्षाची जुनी बाग काढली की ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी बांधावर येऊन पडतात आणि भंगारवाला येईपर्यंत तिथेच उन्हात वाळत राहतात. गेल्या उन्हाळ्यात त्यातलं एक भेंडोळं मी मागून आणलं. छाटणीच्या कात्रीने दीड-दीड सेंटिमीटरचे तुकडे केले आणि एका झाकणाच्या बादलीत भरले. घरामागच्या हजार लिटरच्या हौदात पंधरा गोल्डफिश आहेत. त्यांचं पाणी आता या बादलीतून फिरतं.

त्याआधीचा माझा फिल्टर खडीचा होता. एका रविवारी तो उपसला, नळाखाली घासून घासून लख्ख धुतला आणि परत भरला. पाणी काचेसारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडू-मिटू लागले, चौथ्या दिवशी पाच मेले. खडीवरचा तपकिरी बुळबुळीत थर मी घाण समजून धुऊन टाकला होता. हौद जगत होता तो त्याच थरावर.

माशाच्या शरीरात प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात उतरतो. म्हणजे विष्ठा गाळून काढली तरी अमोनिया पाण्यातच राहतो. तो जाळीत अडकत नाही, डोळ्यांना दिसत नाही. काही जिवाणू मात्र त्याच्यावरच जगतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्राइटचं नायट्रेट होतं. पहिले दोन पदार्थ माशांना घातक, तिसरा बराच सौम्य. हे जिवाणू वेगळे करून दाखवले ते सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने, 1890 मध्ये. दोन पायऱ्यांसाठी दोन वेगळे जिवाणू लागतात, असं त्यानंतर शंभरावर वर्षं मानलं जात होतं. 2015 मध्ये दोन्ही पायऱ्या एकट्याने पार करणारे नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू सापडले. दोन गटांनी ते एकाच वेळी जाहीर केले आणि त्यातल्या एका गटाला ते मिळाले होते मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये! माशांच्या पाण्याच्या गाळाकडे बघताना मला हे हटकून आठवतं.

या जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग लागतो. फिल्टरमध्ये भरायची बाजारातली महाग माध्यमं खरं तर तेवढंच विकतात: कमी जागेत जास्त पृष्ठभाग. मग ठिबकची नळी किती देते? सोळा मिलिमीटरच्या नळीचं आतलं माप साधारण चौदा मिलिमीटर. दीड सेंटिमीटरच्या तुकड्याची नुसती आतली बाजू धरली तर साडेसहा चौरस सेंटिमीटर. लिटरच्या मापात मी मोजून 180 तुकडे बसवले. म्हणजे वीस लिटरच्या बादलीत सुमारे 2.4 चौरस मीटर. त्यासाठी 54 मीटर नळी कापावी लागते, दोन दुपारी जातात. बाहेरची बाजू मी हिशोबात धरलेली नाही, कारण तुकडे एकमेकांवर घासून तिथला थर निघतो.

आता गरज किती ते पाहू. 30 टक्के प्रथिनांचं खाद्य असेल तर शंभर ग्रॅम खाद्यामागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे अमोनियातला नायट्रोजन, पाण्यात येतो. मी दिवसाला पंधरा ग्रॅम घालतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून. म्हणजे रोजचा 0.4 ग्रॅम. एक चौरस मीटर थर दिवसाला 0.2 ग्रॅम पचवतो, असं हात राखून धरलं तर दोन चौरस मीटर पुरतात. भंगारातली बादली पुरून उरते. खाद्याची मूठ दुप्पट झाली तर मात्र एवढ्या नळ्या पुऱ्या पडणार नाहीत. म्हणून फिल्टरचा विचार खाद्यापासून सुरू करावा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

नळ्याच हव्यात असं नाही. बेदाण्याच्या शेडवरून उतरवलेली फाटकी शेडनेट आमच्याकडे ढिगाने मिळते. ती घड्या घालून किंवा गुंडाळून ठेवली की पृष्ठभाग भरपूर मिळतो. बारीक कापू नये, कारण धागे सुटून पाण्यात येतात. भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीच्या घासण्या उत्तम. त्यांच्यात साबण भरलेला नसावा, एवढं बघायचं. जुन्या कौलांचे आणि विटांचे तुकडे चालतात, चुना-सिमेंट चिकटलेले नकोत. काथ्या सुरुवातीला पाणी चहासारखं करतो आणि हळूहळू कुजतो. लोणारी कोळशाने रंग आणि वास थोडा कमी होतो, अमोनियावर त्याचा भरवसा धरू नका. खडी स्वस्त आहे, पण शंभर लिटर खडीचं वजन दीडशे किलोच्या घरात जातं. तळाला गाळ बसून हवा कोंडली की सडक्या अंड्यासारखा वास सुटतो, आणि उपसायला दोन माणसं लागतात.

शेतातून आलेली कुठलीही वस्तू आधी नीट धुवावी. ठिबकमधून खतं, आम्ल, कधी औषधंही सोडलेली असतात. बेदाण्याच्या शेडमध्ये गंधकाची धुरी दिलेली असते. मी नळ्या आठवडाभर पिंपात भिजवल्या, रोज पाणी बदललं.

या बादलीच्या आधी मी एक रिकामं पिंप ठेवलं आहे. हौदातलं पाणी त्याच्यात कडेने गोल फिरत शिरतं, जड गाळ खाली बसतो, वरचं पाणी शेडनेटमधून नळ्यांकडे जातं. गाळ थेट नळ्यांवर गेला तर त्यावर वेगळेच जिवाणू माजतात, प्राणवायू खातात आणि आपल्या कामाच्या जिवाणूंची जागा अडवतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला साडेचार ग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. तीस अंशांच्या पाण्यात तो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. म्हणून बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा दगड चोवीस तास चालू असतो. वीज गेली की घोर लागतो. पंप चार-सहा तास बंद राहिला, तर सुरू करण्याआधी बादलीतलं साचलेलं पाणी मी झाडांना ओततो. ते तसंच हौदात जाऊ द्यायचं नाही.

नवा फिल्टर लावल्यावर चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. हे जिवाणू दुप्पट व्हायला अर्धा-एक दिवस घेतात. आपल्याकडची ऊब त्यांना मानवते, तरी घाई चालत नाही. जुन्या चालू फिल्टरमधली मूठभर घासणी नव्यात टाकली की काम लवकर लागतं. धुवायचं ते हौदाच्याच पाण्यात, हलकं खळबळून. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या थराला मारतं.

हिरवं झालेलं पाणी हा फिल्टर साफ करत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. उलट त्याने तयार केलेल्या नायट्रेटवर शेवाळ वाढतं. आणि शेवाळ दुपारच्या उन्हात पाण्याचा सामू (पीएच) चढवतं. अमोनियाचा विषारी भाग 25 अंशांना सामू 7 असताना अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो, 8 ला पाच टक्क्यांच्या पुढे, 9 ला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सकाळी ठीक वाटणारे मासे दुपारी तडफडतात ते बरेचदा यामुळे. अमोनिया तपासायचा तर दुपारी तपासावा, सामूसकट.

नायट्रेटसाठी मी आजीची पद्धत उचलली. न्हाणीघराच्या मागे सांडपाणी जायचं तिथे अळू आणि कर्दळ असायची, शेजारी एखादी केळ. बादलीतून बाहेर पडणारं पाणी मी आता एका उथळ टबातून नेतो. टबात विटांचे तुकडे, त्यात कर्दळीचे चार कंद. पावसाळ्याच्या आत ती कमरेएवढी झाली आणि हौदाच्या तळाची फरशी वरून दिसू लागली. परवा दुपारी सामू 7.8 आला, अमोनिया तपासायच्या काचनळीत थेंब टाकल्यावर रंग पिवळाच राहिला, म्हणजे अमोनिया नाही. दहा मासे अजून त्या जुन्या पंधरातले आहेत. खाद्याचा डबा हलवला की तेच पहिले वर येतात.