जुन्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर लावण्याआधी

फोटो स्टुडिओवाले, वकील, नातेवाइकांना घरचे फोटो डिस्कवर द्यायचे असलेले आजोबा असे बरेच ग्राहक पेंटियम-४ च्या काळातला सीपीयू घेऊन आमच्या दुकानात येतात आणि विचारतात, "याला रायटर चालेल का?" बहुतेक वेळा चालतो. मशीन हळू असल्यामुळे फारसं अडत नाही. अडतं ते रायटर कुठे जोडायचा यावर.

मागे यूएसबी पोर्ट दिसला म्हणून लगेच बाहेरचा रायटर विकत घेऊ नका. पोर्ट १.१ आहे की २.०, हे आधी आमच्याकडून तपासून घ्या, कारण दिसायला दोन्ही सारखेच असतात. १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे हातात पडतो जेमतेम १ एमबी. डीव्हीडी अगदी १एक्सने, म्हणजे सर्वात मूळ वेगाने, लिहायची तरी सेकंदाला सुमारे १.३८ एमबी लागतात. सीडीचं १एक्स मात्र १५० केबीचं, त्यामुळे या पोर्टवर सीडी ४एक्सने आरामात होते, डीव्हीडी नाही. मदरबोर्डवर जादा कार्ड बसवायची खाच, म्हणजे पीसीआय स्लॉट, रिकामा असेल तर यूएसबी २.० चं कार्ड बसवून काम भागतं. रायटर नेहमी मागच्या पोर्टला लावा. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टवर पॉवर कमी पडून तो मध्येच बंद होतो.

आतला रायटर लावायचा तर जुन्या मदरबोर्डला पट्टा केबलचा, म्हणजे आयडीईचा लागतो. नवा आता सहसा मिळत नाही. आम्ही तपासलेला जुना देतो. तो हार्ड डिस्कच्या केबलवर न लावता दुसऱ्या चॅनेलवर, म्हणजे वेगळ्या केबलवर, मास्टर (त्या केबलवरचा मुख्य ड्राइव्ह) करून लावतो.

लिहिताना डेटा अखंड यावा लागतो. रायटरमधला छोटा बफर गच्चीवरच्या टाकीसारखा असतो: वरून पाणी आलं नाही की नळ कोरडा. पूर्वीच्या रायटरमध्ये असं झालं की डिस्क गेलीच. २००० नंतर लेझर थांबवून तिथूनच पुढे लिहिण्याची सोय आली, तरी हळू मशीनवर आम्ही ४एक्सच सांगतो. पूर्ण डीव्हीडीला पंधरा मिनिटं लागतात, लागू द्या. तेवढा वेळ अँटिव्हायरसचं स्कॅन आणि स्क्रीनसेव्हर बंद ठेवा, आणि गाणीही नकोत.

विंडोज एक्सपीवर रायटर अचानक रांगायला लागला तर दोष रायटरचाच असतो असं नाही. वाचताना सहा चुका झाल्या की एक्सपी त्या चॅनेलचा डीएमए (डेटा थेट मेमरीत नेण्याची वेगवान पद्धत) बंद करून पीआयओ या जुन्या, हळू पद्धतीवर जातो आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. डीएमए परत चालू करणं दहा मिनिटांचं काम आहे, आमच्याकडून करून घ्या.

एक्सपी स्वतःहून सीडी लिहितो, डीव्हीडी नाही. डीव्हीडीसाठी आम्ही इमगबर्न हे सॉफ्टवेअर टाकून देतो, ते फुकट आहे. हार्ड डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटची असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यावर मावत नाही, त्यामुळे भरलेल्या डीव्हीडीची इमेज (पूर्ण डिस्कची एकच फाइल) बनवताना काम अडतं.

वर्षाला दोन-तीनच डिस्क लागत असतील तर रायटरवर खर्च करू नका. पेनड्राइव्ह आणा, आम्ही राइट करून देतो. बसवायचाच असेल तर फक्त सीपीयू आणा. मॉनिटर, कीबोर्ड दुकानात आहेत. त्याआधी महत्त्वाच्या फाइलींची कॉपी काढून ठेवा, कारण जुन्या हार्ड डिस्कची हमी आम्ही देत नाही.