नट जाम झालाय की दांडा फिरतोय?

शॉकअप, म्हणजे चाकाचे धक्के शोषणारा भाग, बदलताना नट सुटेना की आपण एकच शब्द वापरतो: जाम. पण या एका शब्दात दोन अगदी उलट गोष्टी असतात. एकीचा उपाय दुसरीवर केला तर नट सुटत नाहीच, वर त्याचे कोपरे झिजून जातात.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा आमची गाडी कारेलीबागेत अर्धी चाकं बुडून उभी होती. पुढच्या वर्षी मागचे शॉकअप बदलायला घेतले, तर एकाच शॉकअपला खाली एक आणि वर दुसरी, अशा दोन्ही गोष्टी सापडल्या.

खालचा नट गंजानं धरला होता. पान्यावर सगळं वजन टाकलं तरी तो तसूभर हलेना. इथे घाई केली की पाना घसरतो. आधी तारेच्या ब्रशनं उघडे आटे स्वच्छ केले, गंज सोडवणारा स्प्रे मारला आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पुन्हा मारला. गोटी (नटावर बसणारं सॉकेट) बारा कोनांची नको, सहा कोनांचीच घ्या, कारण ती नटाच्या सपाट बाजू पकडते. मग पान्यात पाइप घालून नट आधी किंचित घट्ट करायच्या दिशेनं दाबला. ‘टक्’ झालं, आट्यांतून तपकिरी तेल बाहेर आलं आणि मग तो सुटायच्या दिशेनं वळला.

वरचा नट मात्र खुशाल फिरत होता, फक्त वर येत नव्हता. शेजारच्या गॅरेजमधल्या भाईंनी एका नजरेत ओळखलं, “आ तो फर्या करे छे.” म्हणजे नटाबरोबर शॉकअपचा दांडाही फिरत होता. खात्री करायची असेल तर नटावरून दांड्याच्या टोकावर खडूची एक सरळ रेघ ओढा. नट फिरवल्यावर रेघ जुळलेलीच राहिली तर दांडा फिरतोय. इथे लांब पाइप लावून काही उपयोग नाही. दांडा धरून ठेवायला हवा. त्यासाठीच टोकाला दोन चपट्या बाजू किंवा अ‍ॅलन कीसाठी सहा कोनी खाच असते. साधी गोटी नेमकं तेच टोक झाकून टाकते, म्हणून रिंग पाना किंवा आरपार भोकाची गोटी लागते. दांडा पकडीनं धरायचा तर तो शॉकअप भंगारात जाणार असेल तरच, कारण चकचकीत दांड्यावर ओरखडा उठला की तेलाचं सील फाटतं.

या दोहोंच्या मधला एक फसवा प्रकारही आहे. खालचा नट निघतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. पान्यानं वळवला तर थोडा वळतो आणि सोडला की स्प्रिंगसारखा मागे येतो. बोल्ट रबरी बुशच्या (शॉकअपच्या टोकाच्या कडीत बसवलेल्या रबराच्या) आतल्या लोखंडी नळीत गंजून बसलेला असतो आणि पीळ रबराला पडतो. तेव्हा स्प्रे आट्यांवर नव्हे, नळीच्या दोन्ही तोंडांशी मारायचा. नट टोकाशी सपाट येईल इतका परत चढवून त्यावर हातोडी मारली तर आटे चेपत नाहीत.

जाळ मात्र शॉकअपच्या जवळ नेऊच नका. आत तेल असतं आणि बऱ्याच शॉकअपमध्ये दाबाखाली गॅसही असतो. पुढच्या बाजूला शॉकअपभोवती स्प्रिंग असेल तर मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) लावल्याशिवाय मुळीच सोडू नका. नट उडून जीव जाऊ शकतो.

नवीन शॉकअप बसवताना नटही नवेच घेतले. खालचा बोल्ट शेवटचा आवळला तो गाडी चाकांवर उतरवून, नेहमीच्या उंचीवर असताना. हवेत आवळला असता तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहिलं असतं.