तोंडाला रुमाल, पाठ ओली

तासगाव-पलूसकडे ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. मांडवाखाली उभं राहून गन वर धरली की बरंचसं औषध फवारणाऱ्याच्याच खांद्यांवर उतरतं, शर्ट पाठीला चिकटतो. तोंडाला रुमाल मात्र घट्ट असतो. ‘नाकात वास गेला नाही म्हणजे झालं’ हा समज मला फार छळतो. क्लोरपायरिफॉस, डायमिथोएट, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं कातडीतूनही रक्तात उतरतात.

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे निरोप्या रसायन सुटतं, स्नायूवर पोचतं आणि स्नायू आकसतो. हुकूम बजावून झाला की तो लगेच पुसावा लागतो. ते काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज या विकराचं (एन्झाइमचं). त्याचा एकेक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन तोडतो. काय चपळाई आहे! या विकरात एक खोल, अरुंद घळ असते आणि तिच्या तळाशी सेरीन हे अमिनो आम्ल. ॲसिटिलकोलिन सेरीनला चिकटतं, तुटतं, क्षणात मोकळं होतं. कीटकनाशकाचा फॉस्फरसवाला तुकडा मात्र चिकटला की सहजी सुटत नाही. विकर अडकून पडतो, हुकूम चालूच राहतो. किडीचा जीव असाच जातो, आणि हा विकर आपल्याकडेही आहे.

मग डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. लाळ, घाम, जुलाब; मांडीचे स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात. छाती कफाने भरते, श्वासाचे स्नायू थकतात. अशा वेळी ‘बाहेरचं झालंय’ म्हणून लिंबू उतरवत बसलेलं घर पाहिलं की जीव तुटतो.

कारण इथे तासांचा हिशेब आहे. चिकटलेल्या तुकड्याचा एक भाग गळून पडतो आणि उरलेला कायमचा पक्का बसतो. याला विकराचं वार्धक्य म्हणतात. प्रॅलिडॉक्झिम हे औषध त्याआधीच तो तुकडा उपटू शकतं. डायमिथोएटने अडकलेले निम्मे विकर 3-4 तासांतच पक्के होतात, क्लोरपायरिफॉसचे व्हायला दिवसाहून जास्त लागतो. ॲट्रोपिन या दुसऱ्या औषधाने लाळ आणि कफ आटतो, पण स्नायूंचा लुळेपणा जात नाही. श्वास यंत्रावर चालवावा लागतो.

तेव्हा आधी ओले कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, पण स्वतःचे हात सांभाळून. आणि दवाखान्यात निघताना बाटली सोबत घ्या. तिच्यावरचं रसायनाचं नाव वाचलं की हाताशी किती वेळ आहे याचा अंदाज डॉक्टरांना येतो.