आतड्यांचा जुनाट दाह आणि तपासणी अहवालांचे वाचन

आतड्याच्या अस्तराला वर्षानुवर्षे राहणारी, मधूनच शांत होणारी आणि पुन्हा उसळणारी सूज म्हणजे आतड्यांचा जुनाट दाह. डॉक्टरी बोलीत त्याला आयबीडी म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज गुदाशयापासून सुरू होऊन मोठ्या आतड्यात सलग वर चढते आणि बहुधा आतल्या अस्तरापुरतीच राहते. क्रोन रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. त्यात मध्ये निरोगी भाग सोडून तुकड्यातुकड्यांनी सूज येते, आणि ती आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरून अरुंदपणा किंवा भगंदर निर्माण करते. अल्सरेटिव्ह कोलायटिस हे नाव लंडनच्या सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये वापरले. दुसऱ्या प्रकाराचे वर्णन न्यूयॉर्कमधील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या त्रयीने १९३२ मध्ये प्रसिद्ध केले. भारतात पहिला प्रकार अधिक आढळतो आणि तोही बहुतेक वेळा ऐन कमावत्या वयात.

आयबीएस हा वेगळा विकार आहे. त्यात पोट दुखते, फुगते, संडासची घाई होते. पण अस्तराला सूज नसते, रक्त पडत नाही, वजन घटत नाही आणि जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावे लागत नाही. दोन्ही नावांत एका अक्षराचा फरक असल्याने रुग्णांच्या फाईलवर आणि नातेवाइकांच्या तोंडी यांची सर्रास अदलाबदल होते. उपचार मात्र पूर्णपणे निराळे आहेत.

नागपूरचा रुग्ण

विदर्भात या रोगाचे पहिले नाव बहुधा ‘आव’ किंवा ‘मूळव्याध’ असते. शौचावाटे रक्त आणि चिकट पदार्थ पडू लागला की मेडिकल स्टोअरमधून आवेच्या गोळ्या येतात, कुणी कुड्याची साल किंवा बेलाचा मुरब्बा सुचवतो आणि रोगाचे मूळ चढउताराचेच असल्याने मधले शांत दिवस या उपायांच्या खात्यावर जमा होतात. यात काही महिने सहज जातात. तीन-चार आठवडे रक्त पडत असेल तर मूळव्याध गृहीत न धरता दुर्बिणीची तपासणी (कोलोनोस्कोपी) करून घेणे, एवढा एक निर्णय वेळेवर झाला तरी पुढचे बरेच नुकसान टळते.

तपासणीसाठी रुग्ण नागपुरातच येतो. खासगी पोटविकारतज्ज्ञ आणि प्रयोगशाळा मुख्यत्वे धंतोली-रामदासपेठ पट्ट्यात दाटलेल्या आहेत. सरकारी व्यवस्थेत १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सारे शहर नुसते ‘मेडिकल’ म्हणते, मेयो रुग्णालय आणि मिहानमधले एम्स आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून मध्य प्रदेशातल्या बालाघाट, शिवनी, छिंदवाड्यापर्यंतची माणसे इथे येतात. दर तीन महिन्यांनी एवढा प्रवास जमत नाही म्हणून रक्त गावातल्या लॅबमध्ये दिले जाते आणि रिपोर्टचा फोटो मोबाइलवरून डॉक्टरांकडे जातो. उत्तर येईपर्यंत लाल किंवा ठळक अक्षरांतले आकडे रुग्णच वाचत बसतो. त्यामुळे अहवाल वाचता येणे ही इथे हौस राहत नाही, तो रोग सांभाळण्याचाच भाग होतो.

क्षयाची शंका

क्रोन रोग आणि आतड्यांचा क्षय हे दुर्बिणीतून आणि स्कॅनवर एकमेकांसारखे दिसतात. दोन्हींचे आवडते ठिकाण एकच, लहान आतड्याचा शेवट आणि मोठ्याची सुरुवात. दोन्हींत ताप, वजन घटणे आणि उजवीकडे पोटात कळ. बायोप्सीतही दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेच्या पेशींची बारीक गाठ, सापडू शकतो. तो मोठा, एकत्र मिसळलेला आणि मध्यभागी पनीरासारखा मृत झालेला असेल तर कौल क्षयाकडे झुकतो. चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. क्षयाला क्रोन समजून स्टिरॉइड दिले तर जंतू पसरतो. क्रोनला क्षय समजून सहा महिने एकेटी (क्षयाची औषधे) चालवली तर रोग पुढे सरकतो आणि यकृताला विनाकारण ताण बसतो.

निर्णय होत नसेल तर भारतातले डॉक्टर आधी एकेटी सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकतात. व्रण भरले असतील तर क्षय, नसतील तर क्रोन धरून चालतात. नुसते बरे वाटले म्हणून ही दुसरी दुर्बीण टाळणारे रुग्ण बरेच असतात, आणि निदान नेमके तिथेच अडते. मांटू (त्वचेवरची) किंवा आयग्रा (रक्ताची) ही क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावरून क्षयरोग झाला असे होत नाही. या चाचण्या जंतूशी कधीतरी संपर्क आल्याचे सांगतात, आणि आपल्याकडे असा संपर्क फार लोकांना आलेला असतो. तरीही इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शने सुरू करण्याआधी त्या, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करावीच लागते, कारण ही औषधे झोपलेला क्षय जागा करू शकतात.

रक्ताचे रिपोर्ट

अहवालात छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा ही साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसे ज्यात बसतात ती. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या २० चाचण्या धडधाकट माणसाच्या केल्या तरी निदान एक आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजांमधून निघणारी बरीच घबराट या साध्या गणितातली असते. उलट, मर्यादेत असलेला आकडाही जुनाट रोगात फसवू शकतो. याचे उत्तम उदाहरण फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचे माप.

समजा, गोंदियाच्या एका तरुणीचा रिपोर्ट असा आहे: हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६८, सीआरपी (सूज असली की रक्तात वाढणारे प्रथिन) १८, फेरिटिन ६२. फेरिटिनपुढे कुठलीच खूण नाही, कारण लॅबच्या मर्यादेत ६२ आरामात बसते. पण फेरिटिन शरीरात सूज असली की आपोआप वाढते. निरोगी माणसात ३० च्या खाली गेल्यावर लोहाची कमतरता धरतात; सीआरपी वाढलेली असताना १०० पर्यंतचे फेरिटिनही कमतरतेचेच मानले जाते. या मुलीला लोह हवे आहे, आणि रोग उसळलेला व हिमोग्लोबिन १० च्या खाली असल्याने ते गोळ्यांऐवजी शिरेतून देणे बरे. लोहाच्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, हे आधी सांगितले नाही तर घरचे लोक रक्त समजून रात्री दवाखाना गाठतात.

विदर्भात या कोड्यात आणखी एक तुकडा असतो. सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण इथे मोठे आहे. रक्त कमी का, याचे उत्तर ‘आतड्यातून जाते म्हणून’ एवढ्यावर न थांबता सिकलसेलची चाचणी आणि गरज पडल्यास हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस (त्याचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी) एकदा तरी झालेले असावे. ईएसआर वाचतानाही ते माहीत असावे लागते. तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसून खाली उतरतात, त्या वेगाचे माप म्हणजे ईएसआर. सिकलसेल आजारातल्या वेड्यावाकड्या पेशींची चळत लागत नाही, त्यामुळे आत सूज असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. साध्या पांडुरोगात (रक्तक्षयात) उलटे होते आणि तो विनाकारण वाढतो. पुण्या-मुंबईच्या रुग्णाला चालणारा अंदाज भंडाऱ्याच्या रुग्णाला चालेलच असे नाही.

सीआरपी अधिक भरवशाची, पण तिच्याही मर्यादा आहेत. क्रोनमध्ये ती रोगाबरोबर चांगली हलते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र रक्त पडत असूनही ती नॉर्मल राहू शकते. शिवाय काही लॅब ती मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही डेसिलिटरमध्ये. लॅब बदलली आणि १८ ची १.८ झाली तर रोग बरा झालेला नसतो, फक्त एकक बदललेले असते. म्हणून शक्यतो एकच लॅब धरावी आणि आकड्यासोबत एककही लिहून ठेवावे.

प्लेटलेट वाढणे आणि अल्ब्युमिन (रक्तातले मुख्य प्रथिन) घटणे या दोन्ही सुजेच्या खुणा. यकृताच्या चाचण्यांतले अल्कलाइन फॉस्फेटेज सतत वाढलेले असेल तर पित्तनलिकांच्या एका जोडरोगाची शंका घ्यावी लागते. बी-१२ क्रोनमध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जात नाही म्हणून कमी होते, आणि शाकाहारी घरांत तसेही ते कमीच असते.

औषधेही आकडे हलवतात. स्टिरॉइड चालू असताना पांढऱ्या पेशी वाढतात, तो जंतुसंसर्गच असेल असे नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिन या गोळीने एमसीव्ही चढते. खरी काळजी असते त्याच गोळीने पांढऱ्या पेशी अचानक कोसळण्याची. एनयूडीटी-१५ नावाच्या जनुकातला जो बदल याला कारणीभूत होतो तो आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून सुरुवातीच्या दोन महिन्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) वारंवार आणि पुढे दर तीन महिन्यांनी करतात. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत केस झपाट्याने गळू लागले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता सीबीसी करावी. आतड्याची सूज उतरवणारे मेसालामाइन घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी) बघावे.

शौचाची चाचणी आणि दुर्बीण

कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतले प्रथिन. आतड्याला सूज असली की ते शौचात उतरते. ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असेल तर सूज नसल्यातच जमा, २५० च्या वर असेल तर बहुधा आहे, आणि मधला पट्टा वाट पाहण्याचा. जंतुसंसर्गाने आणि कंबरदुखीसाठी घेतलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनीही ते वाढते. ८२०, मग ३१०, मग १४० अशी उतरण दिलासा देणारी. ४० वरून १४० वर चढलेला रुग्ण मात्र लक्षात ठेवण्याजोगा, जरी शेवटचा आकडा दोघांचा सारखा असला तरी. नमुना शक्यतो सकाळच्या पहिल्या शौचाचा घ्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना तो डबा दुपारभर गाडीच्या डिकीत ठेवला तर प्रथिन विघटून आकडा खोटा कमी येऊ शकतो. तो फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

दुर्बिणीच्या अहवालात आधी बघावे ते दुर्बीण कुठपर्यंत गेली. ‘टर्मिनल इलियम’ म्हणजे लहान आतड्याच्या शेवटापर्यंत पोहोचली असेल तर तपासणी पूर्ण. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ई-१ म्हणजे रोग गुदाशयापुरता, ई-२ डाव्या बाजूपुरता, ई-३ त्याही पुढे. ‘मेयो स्कोअर’ बघून नागपूरचा रुग्ण हमखास विचारतो, पण आम्ही तर मेयोत गेलोच नव्हतो. हे मोजमाप अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे. अस्तराची अवस्था ० ते ३ मध्ये सांगते, ० म्हणजे शांत आणि ३ म्हणजे आपोआप रक्त येणारे व्रण. बरे वाटत असताना मेयो २ येणे नवलाचे नाही. औषध कमी करायचे की नाही हे त्यामुळेच लक्षणांवरून ठरवत नाहीत.

खाणे आणि उन्हाळा

सावजी रश्श्याने किंवा तर्री पोह्यांनी हा रोग होतो, असा पुरावा नाही. रोग उसळलेला असताना तिखट-तेलकटाने कळ आणि घाई वाढते, तेव्हा मुगाची खिचडी, ज्वारीची आंबील, पातळ ताक सोसते. रोग शांत असताना आयुष्यभर फिके खाण्याची शिक्षा करून घेण्याची गरज नाही. त्याने वजन मात्र घटते. क्रोनमुळे आतडे अरुंद झालेल्यांनी संत्र्याचा रस गिळून चोथा टाकावा, कारण न चावलेला चोथा अरुंद जागी अडकतो.

उन्हाळ्यात जुलाब आणि घाम मिळून शरीर लवकर कोरडे पडते. अशा वेळी नुसत्या पाण्यापेक्षा ओआरएस उपयोगी. अडालिमुमॅबची इंजेक्शने २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात; गोंदियाला नेताना बर्फाचा डबा लागतो, पण औषध बर्फाला टेकवून गोठवूही नये. गुदमार्गातून ठेवायच्या सपोझिटरी उन्हात मऊ पडतात.

थांबू नये अशी वेळ

दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि त्यासोबत नाडी ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सियसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर ३० च्या वर, यांपैकी एक जरी असेल तर तो तीव्र झटका मानून दाखल करतात. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये घालून दिलेला हा निकष आजही वापरात आहे. त्या वेळी जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडसारख्या गोळ्या घरी घेऊ नयेत. मोठे आतडे फुगून फाटण्याचा धोका असतो. स्टिरॉइडही आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांसाठी असल्याने रोजच्या गोळ्या आणि कॅलप्रोटेक्टिनचा खर्च बहुधा खिशातून होतो, आणि बरे वाटू लागताच त्याच गोळ्या आधी बंद पडतात.

मोठ्या आतड्याचा बराच भाग व्यापलेल्या रुग्णांत कर्करोगाचा धोका वर्षांबरोबर वाढतो. लक्षणे सुरू होऊन आठ वर्षे झाली की रोग शांत असतानाच तपासणीची दुर्बीण करतात आणि पुढची कधी, एक वर्षाने की पाच, हे सुजेच्या प्रमाणावर आणि कुटुंबातल्या इतिहासावर ठरते. पित्तनलिकांचा जोडरोग असेल तर आठ वर्षे थांबत नाहीत. निदान झाल्यापासून दरवर्षी दुर्बीण करतात.