पॅराबोलाचा शिरोबिंदू: सूत्राच्या आधी मध्य शोधा

पॅराबोलाच्या शिरोबिंदूचा एक्स देणारं वजा बी भागिले दोन ए हे सूत्र पाठ असलेले खूप जण भेटतात, पण ते आलं कुठून विचारलं की बहुतेक गप्प होतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण त्यामागची गोष्ट इतकी सोपी आहे की कागद-पेन घेऊन बसलं तर पाच मिनिटांत कळते.

तिरका फेकलेला बॉल डोळ्यासमोर आणा. हवेचा अडथळा सोडला तर त्याचा मार्ग पॅराबोला असतो, गॅलिलिओने १६३८ मध्ये छापलेल्या पुस्तकात हे दाखवलंय. चढताना बॉल ज्या उंचीवर असतो त्याच उंचीवर उतरताना परत येतो आणि शिरोबिंदू, म्हणजे जिथे तो वळतो ती जागा, या दोन्हींच्या बरोब्बर मधे असते. म्हणजे सारख्या उंचीचे दोन बिंदू मिळाले की त्यांच्या एक्सची सरासरी काढायची, झालं!

पण तसे बिंदू दिलेलेच नसतील तर? समजा (०, ४), (१, ९), (२, १२) एवढेच आहेत. उंची आधी ५ ने वाढली, मग ३ ने. एक्स सारख्या अंतराने घेतला की पॅराबोलात ही वाढ दर वेळी सारखीच बदलते, इथे २ ने कमी होतेय, म्हणजे पुढे १ आणि मग वजा १. उंची आली १३, मग पुन्हा १२. आता २ आणि ४ वर उंची सारखी, मधे ३, शिरोबिंदू (३, १३). मला ही पद्धत फार आवडते, यात समीकरण लागतच नाही.

दर वेळी आकडे इतके छान जुळत नाहीत, तिथे सूत्र कामाला येतं. याच पॅराबोलाचं समीकरण वाय = −एक्स² + ६एक्स + ४. एक्स शून्य असताना उंची ४, मग परत ४ कधी? −एक्स² + ६एक्स शून्य झालं की, म्हणजे ६ वर, आणि ० आणि ६ च्या मधे परत ३ च! आकड्यांऐवजी अक्षरं ठेवली, म्हणजे एक्स² च्या आधी ए आणि एक्सच्या आधी बी, तर दुसरा बिंदू वजा बी भागिले ए वर येतो आणि त्याचं निम्मं म्हणजेच ते पाठ केलेलं सूत्र. वायची किंमत मात्र एक्स समीकरणात टाकून काढायची, ही पायरी बरेच जण विसरतात.

पॅराबोला आडवा असेल तर एक्स सारखा असलेले दोन बिंदू घ्या आणि वायची सरासरी काढा.