पार्श्वभूमी : ‘करावे’ म्हणजे नेमकं काय करायचं?

सांगलीतल्या जुन्या कॉलेजांची जोती उंच. कृष्णेचं पाणी पाहिलेल्या गावाने तसं बांधलं यात नवल नाही, आणि २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर त्या शहाणपणाला कुणी नावंही ठेवणार नाही. पण अडीच फुटांच्या जोत्याला १:१२ या मापाने (फूटभर चढाला बारा फूट लांबी) तीस फूट लांबीचा रॅम्प लागतो. मी पाहिलेला एक रॅम्प बारा फुटांत उरकलाय, वर चकचकीत ग्रॅनाइट. तिथल्या एका विद्यार्थ्याला उतरवताना दोन मित्र त्याची व्हीलचेअर उलटी फिरवतात, एक मागून धरतो, एक पुढून. पावसात तेही नाही.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या १९९५ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प होते, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशी मेख मारून ठेवलेली. पुढची वीस वर्षं कशी गेली हे त्या तीन शब्दांवरून कळतं. त्याच्या जागी आलेल्या २०१६ च्या कायद्याने इमारतींपुरती ती मेख काढली. उच्च शिक्षणातल्या राखीव जागा ३ वरून ५ टक्के झाल्या, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१. जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत मिळाली. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ ला संपली.

घोळ त्या नियमांतच होता. कायदा म्हणत होता ‘करायलाच हवं’. नियम १५ ने मात्र इमारती कशा असाव्यात याच्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलं, आणि तत्त्वांची भाषा बरीचशी सुचवण्याची. मराठी परिपत्रकात तर हा घोळ आणखीच मुरतो. ‘रॅम्पची व्यवस्था करावी.’ हे ‘करावी’ आज्ञा की सल्ला? मुदतीत माहिती मागवणाऱ्या पत्रातलं ‘सादर करावी’ कुणी सल्ला म्हणून वाचत नाही, रात्री जागून तक्ते भरले जातात. तेच क्रियापद रॅम्पपाशी आलं की ‘निधी उपलब्ध झाल्यावर’ असं वाचलं जातं. व्याकरण तेच, वाचणाऱ्याची सोय वेगळी.

मुदत उलटून दोन वर्षं झाल्यावर, ८ नोव्हेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. सक्तीचे निकष शिफारशींपासून वेगळे काढा आणि तीन महिन्यांत तसे नियम करा, असा आदेश दिला. न्यायालयापुढे हैदराबादच्या एका विधी विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राचा अहवाल होता. माझ्या मते १९९५ नंतरचा हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सर्वांत कमी वाचला गेलेलाही.

कॉलेजं मात्र कोर्टापेक्षा ‘नॅक’च्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनाला जास्त घाबरतात. तपासणीला पीअर टीम, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापकांचं पथक, यायचं तेव्हा रंगकाम निघायचं, रॅम्पवर लावलेल्या दुचाकी हलायच्या. मूल्यांकनाच्या तक्त्यात अपंगांसाठीच्या सुविधांची यादी असायची, जितक्या असतील तितके गुण. त्यात ‘रॅम्प/लिफ्ट’ एकाच ओळीत, मधे तिरकी रेघ. रेघेमुळे तळमजल्याचा रॅम्प दाखवला की ओळ भरायची, वर्ग भले दुसऱ्या मजल्यावर असोत. यादीत माणसाच्या मदतीचीही ओळ होती. ज्या कॉलेजचा तो बारा फुटांचा रॅम्प, तिथलं परीक्षा विभागाचं ऑफिस वर आहे. शिपाईमामा फॉर्म आणि शाईचं पॅड घेऊन जिना उतरतात, व्हीलचेअरवरच्या पोराची सही घेतात, परत वर जातात. मामांचे हे हेलपाटे त्या ओळीत सुविधा म्हणून नोंदले गेलेत.